एक घास, एक रेघ

३ मार्च, मंगळवार

लिहीन लिहीन म्हणत ढकलत आले. एकदा दमले म्हणून, एकदा पेन सापडेना म्हणून, परवा तर घरमालकिणीचा फ्रिज फार घरघरत होता म्हणून! सगळ्या थापा. लिहिलं की गोष्ट पक्की होते, त्याचीच भीती. लिहिलं नाही तोवर ती जरा हलती राहते.

तर — ताईने मला ओळखलं नाही.

झालं. लिहिलं.

४ मार्च, बुधवार

आता नीट, पहिल्यापासून. नाहीतर माझंच मला उद्या कळायचं नाही.

ताई गेल्या उन्हाळ्यापासून इथे आहे. मनाच्या आजाराचं मोठं हॉस्पिटल, बायकांचा वॉर्ड, कोपऱ्यातली खाट. मला कळलं थंडीत. मी तेव्हा बल्बच्या कारखान्यात पॅकिंगला होते, त्याआधी जत्रेत पाळण्याची तिकिटं फाडायला, त्याआधी कुठे होते देव जाणे. माझा पत्ता कुणाकडे असणार? कळलं तशी निघाले. गेटवरचा म्हणाला, "भेटीचं नाव फक्त वडिलांचं आहे. त्यांची परवानगी आणा." बाबांना फोन केला. बाबा म्हणाले, "मला एकच मुलगी. ती आत आहे. तू कोण?" आणि ठेवला.

आई असती तर तिने काहीतरी केलं असतं. आई नाही.

मग गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर बसून राहिले. दुसरं काय करणार! शेजारी एक रंगारी मिस्त्री कपाळाला हात लावून बसलेला. आख्ख्या हॉस्पिटलचं रंगकाम त्याच्याकडे, पण बायकांच्या वॉर्डात बाईच रंगारी पाहिजे असा नियम, आणि त्याच्याकडे सगळे बाप्ये. चहावाल्याला सांगत होता, "आता काय मिशा काढून साडी नेसू?"

मी म्हटलं, "मी रंगारी आहे."

"काय रंगवलंयस?"

"घोडे."

"पळणारे?"

"गोल फिरणारे. जत्रेतले."

तो हसला. चहाचा घोट नाकात गेला त्याच्या. असं मला काम मिळालं. तो मला पाहुणी म्हणतो. आठ दिवसांत पळशील म्हणतो.

ताई माझी बहीण आहे हे कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तर गेटच्या बाहेर.

६ मार्च, शुक्रवार

घासकाम. जुना रंग पॉलिश पेपरने घासून काढायचा. नाकात, कानात, दातांत हिरवी भुकटी. भिंती खांद्यापर्यंत शेवाळी हिरव्या, वर राखाडी. खिडक्या आहेत, पण डोक्याच्याही वर — उजेड येतो, बाहेरचं काही येत नाही. एक ट्यूबलाइट सारखी फडफडते. मी धडधाकट, तरी दुपारपर्यंत मलाच रडू यायला लागलं. या बायका इथे बऱ्या कशा होणार?

पलीकडच्या खाटेवर एक म्हातारी आहे. सगळे तिला राणीसरकार म्हणतात. मी रंगाऱ्याच्या शिडीवर, म्हणजे घोडीवर, चढले की ती खालून हुकूम सोडते. "ए, त्या कोपऱ्यात जळमट आहे. आमच्या महालात जळमट चालायचं नाही!" मी म्हटलं, "जी सरकार." खूश झाली. दिवसभर माझ्या मागे.

ताई मात्र पाठमोरी. खाटेवर मांडी घालून, तोंड कोपऱ्याच्या भिंतीकडे. पाठीचे मणके कपड्यांतून दिसतात. मी मुद्दाम जवळ जाऊन बादली आपटली. वळली. माझ्याकडे बघितलं — म्हणजे माझ्या जागेकडे बघितलं. मग परत भिंत.

वॉर्डातली मावशी म्हणाली, "ती नाही बोलत. पण शहाणी आहे हो, कटकट न करता जेवते. ताट-चमचा दिला की झालं."

त्या 'शहाणी' शब्दाच्या जिवावर मी आज दिवस काढला.

७ मार्च, शनिवार

भिंतींचा रंग ठरवायचा होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, क्रीम घ्या नाहीतर फिकट जांभळा, माझ्याकडे वेळ नाही. मिस्त्री जांभळ्यावर आला होता, कारण डबे पडून होते. मी त्याच्या मागेच लागले. पिवळा घ्या, पण अगदी फिकट, सकाळी पडद्यातून येतो तसा! शेवटी म्हणाला, "घे बाई तुझा पडदा."

मला रंगाचं काही कळतं असं नाही. दहावीतच शाळा सुटली. पण खोल्यांचं मला कळतं. लोक म्हणतात ही एका जागी टिकत नाही, हिच्या पायाला भिंगरी. मी माणसांना कंटाळून नाही पळत. खोली अंगावर येते म्हणून पळते. बल्बच्या कारखान्यात पॅकिंगची खोली करड्या रंगाची होती, पत्र्याची, वरून बुटकी. तिथे आम्ही सगळ्या एकमेकींच्या झिंज्या उपटायच्या बाकी होतो. त्याच बायका जेवायला मागच्या ओट्यावर बसल्या की एकमेकींच्या डब्यात हात घालायच्या. आणि एका खाणावळीच्या माळ्यावर मी सगळ्यात जास्त राहिले. का, तर तिथे भिंतीवर एका होडीचं चित्र होतं. साधंच. रंग उडालेलं. होडी रिकामी, किनाऱ्याला टेकलेली. रोज संध्याकाळी वाटायचं, निघायचं तर आहेच, पण आज नको. मालकाने ते चित्र विकलं आणि मी त्याच आठवड्यात निघाले.

कुठे भरकटले! सांगायचं हे होतं की पिवळा रंग लागला की ताईला बरं वाटेल. वाटणारच. मी स्वतः लावणार आहे.

९ मार्च, सोमवार

आज लांबी भरली. लांबी म्हणजे भेगा बुजवायचा पांढरा लगदा. पत्र्याने ओढायचा, वाळला की घासायचा, भिंत गालासारखी झाली पाहिजे. मिस्त्रीने शिकवलं, "डोळ्यांवर जाऊ नको. हात फिरव. बोटाला लागलं की भर."

ताईची खाट मधे ओढून कोपऱ्याची भिंत केली. केवढ्या रेघा होत्या त्या भिंतीवर! बसल्या हाताच्या उंचीला, खाली-वर, उभ्या-आडव्या, मधेच पाव पाव गोल. कुणीतरी चिडून ओरबाडल्यासारखं. मला कसंसंच झालं. ताई रोज हे बघत बसते! म्हणून एक एक रेघ शोधून भरली. दोनदा घासली. प्रायमर मारला, संध्याकाळी पिवळ्याचा पहिला हात.

मिस्त्री दारातूनच वाकून बघत म्हणाला, "पाहुणे, ही भिंत तुझी म्हणून दाखवता येईल."

आयुष्यात पहिल्यांदा मी एखादं काम शेवटपर्यंत नेलं. इतका आनंद झाला की येताना घरमालकिणीशीसुद्धा गोड बोलले.

राणीसरकार मात्र रुसल्या. "घर पुसलंत तुम्ही," म्हणाल्या. म्हातारीला काहीही सुचतं.

१० मार्च, मंगळवार

ताई जेवली नाही.

११ मार्च, बुधवार

आजही नाही. पाणी पिते. दूध मावशीने दोन घोट कसंबसं पाजलं.

रंगाच्या वासाने असेल. मिस्त्री म्हणाला वासाने होतं असं, दोन दिवसांत जाईल. पण ती रडत नाही, चिडत नाही. भिंतीवर तळहात ठेवते आणि फिरवते. सावकाश. अंधारात दिव्याचं बटण शोधावं तशी. वरून खाली, डावीकडून उजवीकडे. मग थांबते. मग पुन्हा.

माझ्या गुळगुळीत भिंतीवर!

१२ मार्च, गुरुवार

भराभर लिहितेय. अक्षर लागणार नाही.

दुपारी ब्रश धुवायला नळावर चालले होते. व्हरांड्यात काचेत एक कागद लावलाय — आग लागली तर बाहेर कसं पडायचं, त्याचा नकाशा. रोज त्याच्यापुढून जाते. आज उभी राहिले, उगाच. त्यात प्रत्येक खोलीला पाव गोल होते.

पाव गोल.

ताई नकाशे काढायची. घरांचे. एका इंजिनियरच्या ऑफिसात, उंच स्टुलावर बसून. घरी आणायची ते मोठाले कागद, आणि मी लहान, त्यावर बोट ठेवून विचारायची हे काय, हे काय. ती म्हणायची, "हा पाव गोल म्हणजे दार. ज्या बाजूला गोल, त्या बाजूला उघडतं. आणि या दोन बारीक रेघा म्हणजे खिडकी. कळलं का गं, माकडा?"

ओरबाडे नव्हते ते. घर होतं. ती खाटेवर बसून भिंतीवर घर काढत होती. आणि मी त्याचं एक एक दार शोधून बुजवलं. दोनदा घासलं!

मावशीला जाऊन धरलं. तिला सगळं ठाऊक होतं! "हो तर. जेवतानाच काढायची. चमच्याच्या दांड्याने. एक घास खाल्ला की एक रेघ. ताट संपलं की चमचा गुपचूप परत द्यायची. मी कशाला अडवू? जेवते ना बाई."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तू रंगारी ना गं? रंगाऱ्याला काय सांगायचं, भिंत रंगवू नको म्हणून?" मग माझ्याकडे बघत राहिली. "कान अगदी तिच्यासारखे आहेत तुझे. बोलत नाहीस ते, पण कान दिसतात."

१३ मार्च, शुक्रवार

ताई सोडून सगळ्या जेवायच्या खोलीत गेल्या तेव्हा मी खरवडून बघितलं. वाटलं वरचा रंग निघेल, लांबी निघेल, खाली रेघा असतील. ओली करून सोलली. लांबी निघाली तशी जुना गिलावासुद्धा पोपडे धरून निघाला. खाली नुसतं खडबडीत. काही नाही. एकही दार नाही.

परत भरली. परत रंगवली. दुसरं काय करणार! करताना नाक गळत होतं, मिस्त्रीला म्हटलं भुकटीने.

ताई पाठमोरी बसली होती. तिला म्हटलं, हळू, "ताई, मी आहे. माकड." ती भिंतीवर तळहात फिरवत राहिली.

१४ मार्च, शनिवार

डॉक्टरीणबाई राउंडला आल्या. मी घोडीवर, छताशी. ऐकलं सगळं.

"शुक्रवारपर्यंत खायला लागली नाही तर मागच्या इमारतीत हलवावं लागेल. वडिलांना कळवलंय, ते सही पाठवतायत."

वॉर्डाच्या इन्चार्जबाई म्हणाल्या, "तिथे नळीने घालता येईल, इथे माणसं कुठे आहेत?"

दुष्टपणाने नव्हत्या बोलत. दमलेल्या होत्या दोघी. डॉक्टरीणबाईंच्या एका बुटाची लेस सुटलेली होती, वरून दिसत होतं, आणि मला वाटत होतं ही आता अडखळून पडेल. पडली नाही.

मागची इमारत मी बघून आलेय, मिस्त्रीचा ब्रश आणायचं निमित्त करून. तिथे रंगकाम नाही. भिंतींना डोक्यापर्यंत पांढऱ्या टाइल्स, न्हाणीघरासारख्या. पाणी मारलं की स्वच्छ. आत जाताना माझ्याच चपलांचा आवाज चारी बाजूंनी अंगावर आला. बायका ओळीने पडलेल्या, डोळे उघडे. तिथून कुणी पुढच्या इमारतीत परत आलेलं मावशीने बघितलेलं नाही.

टाइलवर चमचा चालत नाही. रेघ उमटत नाही. नख लावून बघितलं मी.

१५ मार्च, रविवार

सुट्टी. दिवसभर पडून. घरमालकीण दाराबाहेरून, "मेलीस का?" — "नाही." — "मग चहा घे."

एकदा पिशवी भरली. खरं सांगते. पिशवी भरून जिन्यापर्यंत गेले. कुठेही जाता आलं असतं. नेहमीसारखं.

जिन्यात बसले. मग वर आले.

१६ मार्च, सोमवार

केलं. जे व्हायचं ते होवो.

सुताराची जाड पेन्सिल आणि पत्र्याचं टोक. ताईची खाट परत कोपऱ्याला लावली, मी तिच्याशेजारी जमिनीवर बसले, भिंतीच्या तळाची प्लिंथची पट्टी रंगवतेय असं दाखवत, आणि माझ्या त्या गुळगुळीत पिवळ्या भिंतीवर घर काढलं. आमचं. तेच असणार, दुसरं कुठलं असणार! पुढची खोली, स्वयंपाकघर, मागची खोली जिथे आम्ही दोघी झोपायचो. मला कुठलं येतंय? रेघा तिरप्या. मागची खोली पुढच्या खोलीपेक्षा मोठी झाली. पाव गोल काढायला गेले तर वाटीसारखे झाले.

राणीसरकार वाकून बघत होत्या. "हे घर आहे की फुटका माठ?"

"घर आहे, सरकार."

"मग राहणार कोण त्यात!"

ताई बघत होती. डोळे माझ्या रेघेबरोबर फिरत होते. पण ताट तसंच राहिलं. मावशीने चमचा हातात दिला, तो तिने मांडीवर ठेवला.

हेही वाया गेलं. नुसती भिंत खराब केली.

१७ मार्च, मंगळवार

ताई बोलली!!

मी दुपारी खाली बसून पट्टी रंगवत होते. ताट आलं. ताई भिंतीकडे बघतेय, कपाळाला आठी. ती आठी मला पाठ आहे! ऑफिसातून आली की कुणा नव्या पोराने काढलेल्या नकाशावर हीच आठी. चूक दिसली की तिला गप्प बसवत नाही, पोटात दुखतं तिच्या. वाकली. चमच्याचा दांडा माझ्या स्वयंपाकघराच्या दारावर टेकवला.

"उलटं," म्हणाली.

एवढंच. आवाज गंजल्यासारखा.

"दार उलटं उघडतंय," म्हणाली.

मग मावशी — किती हुशार ही बाई! — मावशी म्हणाली, "आधी घास, मग दुरुस्ती." आणि ताईने तोंड उघडलं. एक घास. माझ्या वाटीवर तिने आडवी काट मारली आणि शेजारी पाव गोल काढला, एका झटक्यात, कंपासने काढावा असा. दुसरा घास. मागच्या खोलीची भिंत आत घेतली. तिसरा घास.

सात-आठ घासांनी थकली. पण जेवली. मी नळावर जाऊन तोंडात ओढणीचा बोळा घालून रडले. राणीसरकार सगळ्यांना सांगत सुटल्या, "महालाची डागडुजी निघालीय!"

उद्या मी आणखी चुका करून ठेवणार आहे. मला काय, येतातच!

१८ मार्च, बुधवार

सगळं संपलं. क्रमाने लिहिते.

सकाळी ताईने पाव खाल्ला, अर्धं अंडं खाल्लं. पुढची खोली नीट केली. मग मागच्या खोलीपाशी आली आणि थांबली. मी ती खोली चारी बाजूंनी बंद काढली होती. मला तशीच आठवते ना! गेल्या खेपेला घरी गेले तेव्हा तशीच होती. तिचा आजार वाढला तेव्हा ती त्या खोलीच्या खिडकीत उभी राहायची, गल्लीतल्या येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारायची, काहीबाही बोलायची. पोरं जमायची. मोठेही जमायचे. बाबांनी एक दिवस विटा आणल्या आणि स्वतःच्या हातांनी खिडकी चिणली. "उजेडाचा त्रास होतो तिला," म्हणाले. कोनाड्यासारखा ठसा तेवढा राहिला. खोलीची पेटी झाली. मी त्या पेटीत एक रात्र झोपले आणि सकाळी निघून गेले.

ताईने त्या बंद भिंतीवर चमचा टेकवला. जोर लावला. दोन बारीक रेघा, शेजारी शेजारी, खोल. पांढरी भुकटी तिच्या पायांवर पडली. पुन्हा त्याच रेघांवरून, पुन्हा. मग मागे सरकून बघितलं. आणि माझ्याकडे वळली. या वेळी माझ्या जागेकडे नाही, माझ्याकडे.

"तू विसरलीस, माकडा."

आणि दारात इन्चार्जबाई उभ्या होत्या.

भिंत नवीन, परवाच रंगवलेली. पुढच्या आठवड्यात मोठे साहेब बघायला येणार. आणि रंगारीणच पेशंटला चमचा घेऊन भिंत फोडायला शिकवतेय! मी सांगायला गेले, मी बहीण आहे तिची, बघा ती जेवतेय, बोलतेय. "बहीण? मग खोटं बोलून आत आलात?" झालं. मिस्त्रीला बोलावलं, त्याच्यासमोर मला गेटबाहेर काढलं. ताईचा चमचा काढून घेतला. ती ओरडली नाही. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली, दार लागेपर्यंत.

१९ मार्च, गुरुवार

टपरीवर मिस्त्री आला. मी पाया पडायची बाकी होते. ती भिंत भरू नका. तेवढी भरू नका!

"माझ्या कामात भेग ठेवू?" म्हणाला. "तुला कामावर ठेवली तिथेच माझं नाक कापलं गेलं. पाहुणी ती पाहुणीच." चहा न पिता गेला.

मग बाबांना फोन केला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. बाबांनी उचलला, मी म्हणाले, ठेवू नका, एकच सांगते. सही करू नका म्हणत नाही. ताईने भिंतीवर आपलं घर काढलंय. चमच्याने. मी मागची खोली बंद काढली होती, तर तिने खिडकी काढली तिला. परत परत कोरून काढली.

पलीकडून खोकला आला, बाबांचा तो सुका. मग ठेवला.

दुपारी पुन्हा लावला. उचलला नाही. संध्याकाळी तर फोनच बंद.

२० मार्च, शुक्रवार

मावशी ड्यूटी संपवून खोलीवर आली. चहाला नको म्हणाली, उभ्याउभ्याच सांगितलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थोडं खाल्लं ही सुधारणा आहे, पण चमचा काढल्यापासून पुन्हा बंद आहे, आणि ही खाट दुसऱ्या पेशंटला लागणार आहे. घरचं कुणी न्यायला येत नसेल तर सोमवारी मागे. सहीचा कागद अजून आलेला नाही, पण तो काय, येईल.

"आणि भिंत?" मी विचारलं.

मावशी जराशी हसली, म्हणाली, तुझा मिस्त्री इन्चार्जबाईंना म्हणाला, ओल आलीय त्या भिंतीला, पंधरा दिवस हात लावता यायचा नाही. रंग सुटेल. कुठली ओल! खडखडीत भिंत आहे.

मिस्त्रीसाठी रडले मी. पण भिंत राहून उपयोग काय? माणूसच तिथून उचलणार. टाइल्समध्ये नेऊन ठेवणार.

२१ मार्च, शनिवार

गेटवर दिवसभर. आत सोडलं नाही. गेटवरच्याला म्हटलं, नुसता निरोप द्या. "काय निरोप?" मला सांगता येईना. मी विसरले नाही, असा निरोप कसा देतात?

ही खोलीसुद्धा आता अंगावर येतेय. पोपडे, एकुलता खिळा, खिळ्याला काही नाही. भिंतीला डोकं लावून बसले. खरंच उठून जावंसं वाटत नाही कुठे. पहिल्यांदाच. पायांतलं गेलं सगळं.

सोमवारी काय करू? दोन इमारतींच्या मधे आडवी पडू?

२२ मार्च, रविवार

घाईत लिहितेय, चप्पल घालता घालता.

घरमालकीण जिन्यातून ओरडतेय — "अगं ए! कुणी म्हातारा आलाय खाली, टपरीवरून पत्ता काढत. डोक्यापासून पायापर्यंत विटांची भुकटी, हाताला फडकं बांधलंय, बसायला सांगितलं तर बसत नाही. म्हणतो मुलीला घरी न्यायला आलोय. मी विचारलं कुठल्या मुलीला? तर म्हणे — दोघींना."